अ‍ॅपचा नमुना आणि भाड्याचा मुदपाकखाना

पंगतीत बसलेल्या माणसाला केळीचे पान दिसते, वाढपी दिसतो, फार तर वरणाच्या बादलीतून निघणारी वाफ दिसते. कोठीघर, चुलाणे, आचारी आणि पाणी भरणारी माणसे मांडवाच्या मागे असतात. आणि त्यांची आठवण बहुधा वरण करपले तरच होते. मोबाइलवरील अ‍ॅपची रचना याहून फारशी निराळी नाही. बोटाखाली जे चित्र हलते, जी बटणे दाबली जातात, ती सारी पंगत होय. माहिती साठविणे, आलेला माणूस कोण हे ओळखणे, कोणाला काय दाखवावे आणि काय दाखवू नये याचा निर्णय करणे, एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या हाती पोचविणे, ही कामे पाठीमागच्या मुदपाकखान्यात चालतात. संगणकाच्या परिभाषेत या मुदपाकखान्याला बॅकएंड म्हणतात.

हा मुदपाकखाना आता तयार स्थितीत भाड्याने मिळतो. तो कसा चालतो, त्याच्या आधाराने थोड्या दिवसांत अ‍ॅपचा नमुना कसा उभा करता येतो, आणि भाड्याच्या वस्तूत असणारे धोके कोणते, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. विषय तंत्राचा आहे हे खरे. पण तो केवळ तंत्रज्ञांचा आहे असे आम्हांस वाटत नाही. ज्याच्यापाशी कल्पना आहे पण भांडवल नाही, अशा प्रत्येकाचा तो आहे. आणि ज्यांची माहिती अशा अ‍ॅपमध्ये साठविली जाते, त्या तुम्हां-आम्हां सर्वांचाही तो आहे.

नमुना कशासाठी?

मूर्तिकार ब्राँझचा पुतळा ओतण्यापूर्वी मातीचा नमुना करतो. त्या मातीला ऊनपाऊस सोसायचा नसतो. मान किती कलती असावी, हात कोठे यावा, एवढ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की तिचे काम झाले. अ‍ॅपच्या नमुन्याचेही प्रयोजन हेच. एखादी गोष्ट लोक वापरतील काय, हा प्रश्न चर्चेने सुटत नाही. वस्तू हातात दिल्यावरच सुटतो. म्हणून जो नमुना लवकर होईल, स्वस्तात होईल आणि मोडावा लागला तर ज्याचे दुःख होणार नाही, तो चांगला नमुना.

अडचण अशी होती की, अ‍ॅपचा दिसणारा भाग एखाद्या होतकरू विद्यार्थ्यालाही जमे. पण मागची यंत्रणा उभारायची म्हणजे इंटरनेटवर संगणक भाड्याने घ्यावा, त्यावर माहितीसाठा बसवावा, सभासदांची ओळख पटविण्याचा प्रोग्राम लिहावा, राखणीची व्यवस्था करावी आणि रात्री-अपरात्री यंत्र बंद पडले तर उठून ते चालू करावे, एवढा व्याप मागे लागे. कल्पना चालेल की नाही हे कळण्याआधीच तिच्या चुलाण्यासाठी विटा वाहण्यात उमेद संपून जाई.

एका गप्पांच्या यंत्रातून निघालेली गोष्ट

२००८ च्या जुलैत अ‍ॅपल कंपनीने आयफोनसाठी अ‍ॅप स्टोअर उघडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचे दुकानही सुरू झाले. अ‍ॅप लिहिणाऱ्यांची संख्या वाढू लागली तसे एक सत्य लक्षात आले: पंगती निराळ्या असल्या तरी मुदपाकखाने जवळजवळ सारखेच आहेत. सर्वांनाच सभासद ओळखायचे असतात, सर्वांनाच नोंदी साठवायच्या असतात. मग प्रत्येकाने आपली चूल वेगळी का मांडावी? या विचारातून २०११ मध्ये अमेरिकेत पार्स नावाची सेवा निघाली. दोन वर्षांनी, २०१३ च्या एप्रिलमध्ये, ती फेसबुकने विकत घेतली.

दुसऱ्या सेवेची जन्मकथा अधिक उद्बोधक आहे. जेम्स टॅम्पलिन आणि अँड्र्यू ली या दोघांनी संकेतस्थळांवर गप्पा मारण्याची सोय करणारे एक साधन तयार केले होते. त्याचे नाव एन्व्हॉल्व्ह. पुढे त्यांना असे आढळले की, काही लोक त्या साधनातून गप्पांचे शब्द पाठवीतच नाहीत. खेळातील सोंगट्यांच्या जागा आणि तत्सम माहिती ते त्यातून पाठवितात. म्हणजे लोकांना गप्पांच्या यंत्रापेक्षा त्याच्या पोटातील ‘इकडचा बदल तत्काळ तिकडे पोचविणारी नळी’ हवी होती. दोघांनी ती नळीच वेगळी काढली आणि तिला फायरबेस हे नाव दिले. २०१२ मध्ये ती लोकांपुढे आली आणि २०१४ च्या ऑक्टोबरात गूगलने ती कंपनी घेतली. लोक वस्तू कशी वापरतात हे डोळे उघडे ठेवून पाहिले म्हणजे काय हाती लागते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. आणि नमुन्याचा सारा उपयोग यातच आहे.

वाचनालयाचे उदाहरण

केवळ वर्णनाने विषय उमगत नाही. म्हणून एक उदाहरण कल्पू. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो वाचनालये महाराष्ट्रात आहेत. त्यांपैकी तालुक्याच्या गावचे एक वाचनालय घ्या. पुस्तके बारा हजार, सभासद चारशे. सभासद दोन मैल चालून येतो आणि देवघेवीच्या टेबलापाशी त्याला कळते की, हवी असलेली कादंबरी कालच कोणी नेली. ग्रंथपालांच्या मनात येते की, पुस्तक शिल्लक आहे की नाही हे घरबसल्या फोनवर दिसले, आणि ते राखून ठेवता आले, तर किती बरे होईल!

येथे नमुन्याने सोडवायचा प्रश्न एकच: सभासद घरून पुस्तक राखून ठेवतील काय? वर्गणी, दंड, नव्या पुस्तकांची शिफारस, हे सर्व तूर्त बाजूला ठेवावे. नमुना बिघडतो तो बहुधा कौशल्याच्या अभावाने नव्हे, हावरेपणाने.

पहिला दिवस कागद-पेन्सिलीचा. चार चौकोन काढावेत: शोध, पुस्तकाची माहिती, माझ्या राखीव नोंदी आणि ग्रंथपालांची यादी. ते दोन-तीन सभासदांपुढे ठेवून ‘आता कोठे बोट लावाल?’ असे विचारावे. निम्म्या चुका येथेच, फुकटात, सापडतात.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या सेवेत आपले खाते उघडावे. फायरबेसमधील फायरस्टोअर हा माहितीसाठा आम्ही उदाहरणादाखल घेतो. माहिती कोणत्या शहरातील यंत्रांवर राहावी हे येथे आरंभीच ठरवावे लागते. त्यात मुंबईचा पर्याय आहे. ही निवड मागाहून बदलता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. मग तीन कप्पे करावेत: पुस्तके, सभासद आणि राखीव नोंदी. प्रत्येक पुस्तकाचे एक कार्ड. त्यावर दाखल क्रमांक, नाव, लेखक आणि शिल्लक प्रती. अशा एका कार्डावर एक मेगाबाइटच्या आसपास मजकूर मावतो. आपल्या कामाला त्याचा अंशही पुरेसा आहे.

तिसरा आणि चौथा दिवस पडदे तयार करण्याचा. फ्लटरसारख्या साधनाने एकदाच लिहिलेला प्रोग्राम अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंवर चालतो. पाचवा दिवस पहारेकऱ्याचा. त्याविषयी पुढे सविस्तर सांगू. सहाव्या दिवशी बारा हजारांपैकी फक्त दोनशे मागणीची पुस्तके भरावीत आणि दहा सभासदांच्या फोनवर अ‍ॅप द्यावे. सातव्या दिवसापासून गप्प बसून पाहावे. ‘तसे नाही, असे करा’ हे शब्द तोंडून निघाले की परीक्षा नासली असे समजावे.

नळी कशी वाहते?

जुन्या पद्धतीत फोन प्रश्न विचारी आणि दूरचा संगणक उत्तर देई. उत्तर मागाहून बदलले तर फोनने पुन्हा विचारल्याखेरीज त्याला ते कळत नसे. नव्या पद्धतीत अ‍ॅप असे सांगून ठेवते की, ‘या कार्डावर काही फरक पडला तर मला कळवा.’ ग्रंथपालांनी पुस्तक परत आल्याची नोंद केली की घरी बसलेल्या सभासदाच्या पडद्यावरचा आकडा आपोआप बदलतो. यासाठी आपल्याला जवळजवळ काहीच लिहावे लागत नाही.

दुसरी सोय रेंज नसताना कळते. अँड्रॉइडवर आणि आयफोनवर फायरस्टोअर पाहिलेल्या कार्डांची एक प्रत फोनमध्येच ठेवते. एस. टी. घाटात शिरली आणि रेंज गेली तरी यादी दिसत राहते; केलेली नोंद फोनमध्ये थांबते आणि रेंज आल्यावर पुढे जाते.

परंतु येथे एक खोच आहे. कादंबरीची एकच प्रत शिल्लक आहे आणि दोन सभासदांनी एकाच क्षणी ती राखली. दोघांच्या फोनने ‘शिल्लक एक’ असे वाचले आणि दोघांनी ‘शिल्लक शून्य’ असे लिहिले. दोघेही आनंदाने वाचनालयात आले की भांडण निश्चित! यावर उपाय म्हणजे व्यवहार, अर्थात ट्रान्झॅक्शन. वाचणे आणि लिहिणे ही एकच अखंड कृती समजावी आणि मधल्या वेळात कार्ड बदलले असेल तर ती पुन्हा आरंभापासून करावी, असे यात सांगता येते. मात्र रेंज नसताना असा व्यवहार होत नाही. आणि ते योग्यच आहे, कारण शेवटची प्रत कोणाची याचा निवाडा दोन फोन परस्पर करू शकत नाहीत.

फुकटचा हिशेब

या सेवा आरंभी फुकट मिळतात, आणि नमुन्याला तेवढे बहुधा पुरते. फायरस्टोअरच्या फुकट योजनेत दिवसाला ५०,००० कार्डे वाचता येतात आणि २०,००० लिहिता येतात. आकडा मोठा दिसतो. पण मोजदाद कार्डांची आहे, हे विसरता कामा नये. पुढे बाराही हजार पुस्तके भरली आणि अ‍ॅप उघडताच सगळी यादी मागविली, तर एका उघडण्यात १२,००० कार्डे वाचली जातात. चार सभासदांत ४८,००० झाली. पाचव्याच्या वाट्याला रिकामे पान! याउलट एका वेळी वीसच पुस्तके मागविली, तर चारशे सभासदांनी प्रत्येकी पाच पाने पाहिली तरी बेरीज ४०,००० भरते आणि दिवस सुखाने पार पडतो. यंत्र तेच, योजना तीच. फरक फक्त मागण्याच्या रीतीत आहे.

फुकट योजनेत मर्यादा संपली की त्या दिवसापुरते काम थांबते. पैसे भरण्याच्या योजनेत काम थांबत नाही. बिल वाढत जाते. ठराविक रकमेनंतर इशारा देण्याची सोय असते, पण इशारा म्हणजे लगाम नव्हे. त्याने खर्च आपोआप थांबत नाही. म्हणून नमुना शक्यतो फुकट योजनेतच राखावा, आणि रोजची चाचपणी आपल्याच संगणकावर चालणाऱ्या एम्युलेटरवर, म्हणजे त्या सेवेच्या नकली प्रतीवर करावी.

पहारेकरी

आता आम्ही या विषयाच्या मर्माकडे येतो. जुन्या रचनेत फोन आणि माहितीसाठा यांच्यामध्ये आपला स्वतःचा प्रोग्राम उभा असे. कोणाला काय द्यायचे हे तो ठरवी. भाड्याच्या मुदपाकखान्यात हा मधला वाढपी नाही. पंगतीतला माणूस थेट कोठीघराच्या दारात येतो. दारावर जो पहारेकरी आहे तो म्हणजे आपण लिहिलेले नियम. ते ढिले असतील तर दार सताड उघडे.

कोणी म्हणेल, ‘आमच्या अ‍ॅपमध्ये तर ग्रंथपालांचे बटण सभासदाला दिसतच नाही.’ बटण दिसले नाही म्हणून दार बंद होत नाही. अ‍ॅप लोकांच्या फोनवर असते. ते उकलून त्यातील पत्ता पाहणे जाणकाराला अवघड नाही, आणि तो पत्ता गुप्त असावा अशी अपेक्षाही नाही. फायरस्टोअर सुरू करताना ‘चाचणी’ म्हणून जो सोपा मार्ग सुचविला जातो, त्यात ३० दिवस कोणालाही सर्व काही वाचता-लिहिता येते. त्या ३० दिवसांत खऱ्या सभासदांची नावे भरणे म्हणजे नोंदवही रस्त्यावर उघडी टाकणे होय.

आपल्या वाचनालयासाठी नियम थोडेच आहेत. पुस्तकांची यादी सर्वांनी पाहावी. पुस्तकाचे नाव-लेखक ग्रंथपालांनीच बदलावे. शिल्लक प्रतीचा आकडा सभासदाच्या हातून बदलायचा तर एकानेच कमी व्हावा, आणि तोही त्याच व्यवहारात त्याच्या नावाची राखीव नोंद होत असेल तरच. राखीव नोंद ज्याची त्यालाच आणि ग्रंथपालांना दिसावी. सभासदाचा फोन क्रमांक त्याच्याखेरीज केवळ ग्रंथपालांना दिसावा.

हे लिहिताना दोन गोष्टी नवशिक्याला चकवितात. पहिली ही की, पहारेकरी कार्ड देतो किंवा नाकारतो. कार्डावरची एक ओळ झाकून उरलेले दाखवीत नाही. पुस्तकाच्याच कार्डावर ‘सध्या कोणाकडे’ म्हणून नाव आणि फोन लिहिला, तर पुस्तक पाहणाऱ्या प्रत्येकाला तो मिळाला. अशी माहिती वेगळ्या कार्डावरच हवी. दुसरी गोष्ट ही की, पहारेकरी निवडून देणारा नव्हे. अ‍ॅपने सर्वांच्या नोंदी मागितल्या आणि नियम फक्त स्वतःच्या पाहू देत असेल, तर त्यातून आपल्या तेवढ्या मिळत नाहीत. सबंध मागणीच नाकारली जाते. मागणाऱ्याने ‘माझ्या नोंदी द्या’ असेच मागितले पाहिजे.

वाचनालयाच्या नोंदीत असे काय मोठे गुपित असणार, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे की, माणूस काय वाचतो याहून खाजगी गोष्टी फार थोड्या असतील. कोणी दुर्धर आजारावरचे पुस्तक नेले असेल, कोणी घटस्फोटाच्या कायद्यावरचे, कोणी घरच्यांना न रुचणाऱ्या विचारांचे. कपाटाशेजारी बसलेले ग्रंथपाल हे जाणतात आणि बोलत नाहीत. हा त्यांच्या व्यवसायाचा धर्म आहे. यंत्राला धर्म नसतो, त्याला नियमच लिहून द्यावे लागतात. संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माहिती कशासाठी घेतो ते सांगावे, संमतीने घ्यावी आणि हेतू संपल्यावर ती ठेवू नये, ही त्यातील तत्त्वे आहेत. पण कायदा नसता तरी ती शहाणपणाचीच ठरली असती. नमुन्यात खोटी नावे भरून भागत असेल तेथे खरी भरूच नयेत.

घरमालकाचा भरवसा

आणखी एक धोका उरतो. २०१६ च्या २८ जानेवारीला पार्स ही सेवा बंद होणार असे जाहीर झाले. तिच्यावर असंख्य अ‍ॅप विसंबून होती. एक वर्षाची मुदत मिळाली. त्याबरोबरच ती यंत्रणा स्वतःच्या संगणकावर चालविता यावी म्हणून पार्स सर्व्हर या नावाने तिचा प्रोग्राम सर्वांसाठी खुला करण्यात आला. २०१७ च्या जानेवारीअखेर मूळ सेवा थांबली. घरमालक सभ्य होता असे म्हणता येईल; पण बिऱ्हाड हलवावे लागलेच.

‘मग ही परावलंबनाची सवयच नव्हे काय?’ असा आक्षेप येथे कोणी घेईल, आणि तो पोकळ नाही. परंतु परावलंबन भाड्याने घेण्यात नसते. निघण्याची वाट न ठेवण्यात असते. ती वाट ठेवणे अवघड नाही. माहितीसाठ्याशी बोलणारा सर्व मजकूर प्रोग्रामच्या एकाच भागात असावा, पडद्यापडद्यावर विखुरलेला नसावा. म्हणजे सेवा बदलली तरी तेवढाच भाग बदलावा लागेल. माहितीची प्रत दर आठवड्यास आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी. कोणत्या कप्प्यात काय आहे, हे साध्या मराठीत कागदावर लिहून ठेवावे. ज्यांना आरंभापासूनच मोकळीक हवी, त्यांच्यासाठी २०२० मध्ये निघालेल्या सुपाबेससारख्या सेवा आहेत. ती पोस्टग्रेस या खुल्या माहितीसाठ्यावर उभी आहे, आणि त्याचे मूळ १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. एवढी जुनी आणि सर्वांची वस्तू असल्यामुळे तीवरचे बिऱ्हाड उचलून दुसरीकडे मांडणे तुलनेने सोपे जाते.

या सर्वांहून मोठा धोका मात्र घरमालकाकडून येत नाही, तो आपल्या आळसातून येतो. नमुना चालतो, लोक खूश होतात आणि मातीचा पुतळाच चौकात उभा राहतो! सात दिवसांत घाईने केलेल्या वस्तूवर चारशे माणसे विसंबू लागतात आणि पहिल्या पावसात ती वितळते. म्हणून नमुना सुरू करतानाच त्याच्या अंताची तारीख लिहून ठेवावी. त्या दिवशी तिघांपैकी एक निर्णय घ्यावा: उत्तर ‘नाही’ आले तर नमुना मोडून त्यातील सर्व माहिती पुसावी; ‘होय’ आले तर पाया पाहून, नियम पुन्हा तपासून पक्के बांधकाम करावे, मग ते भाड्याच्या जागेत असो वा स्वतःच्या; आणि उत्तर अस्पष्ट असेल तर प्रश्न बदलून नवी तारीख घालावी.

दहा सभासदांपैकी आठांनी घरून पुस्तक राखले नाही, तर ग्रंथपालांनी खिन्न होण्याचे कारण नाही. कदाचित त्यांना असे कळेल की, सभासद पुस्तकासाठी जितके येतात तितकेच टेबलापाशी चार शब्द बोलण्यासाठी येतात. एका आठवड्यात आणि जवळजवळ बिनखर्चात एवढे ज्ञान मिळाले, तर ते स्वस्तच म्हटले पाहिजे. भाड्याच्या मुदपाकखान्याने आपल्याला दिले ते एवढेच: चुकण्याची किंमत कमी केली. तिचा लाभ घ्यावा. पण जी किंमत दुसऱ्याच्या खाजगी आयुष्यातून वसूल होते, ती कमी झालेली नाही, हे ओळखूनच घ्यावा.